वतनाचा वाद आणि खरे ठरणारे दिव्य: ऐतिहासिक फँटसीसाठी तपशील हवेत

उपरी

एक ऐतिहासिक फँटसी लिहायला घेतली आहे. काळ १६४१, भीमेच्या खोऱ्यातले काल्पनिक गाव, मुलूख आदिलशाहीचा. १६३० च्या दुष्काळात पाटलाच्या घराण्याची थोरली शाखा परागंदा झाली. धाकट्याने तग धरला, ओस पडलेली पांढरी (गावठाण) पुन्हा वसवली, पाटीलकी आणि थळ (घराण्याची शेतजमीन) दोन्ही वहिवाटले. अकरा वर्षांनी थोरल्याची विधवा सून नऊ वर्षांचा मुलगा घेऊन परत येते आणि हक्क सांगते. फँटसीचा भाग एवढाच की या जगात दिव्य खरेच चालते. खऱ्याने उकळत्या तेलात हात घातला तर फोड येत नाही.

अडलो आहे ते इथे:

१. निवाडा नेमका कोण करतो आणि कोणत्या क्रमाने? माझ्या मसुद्यात सुभेदार चावडीवर येतो, दोघांचे ऐकतो, निकाल देतो. वाचताना टीव्हीवरचे कोर्ट वाटते.

२. बाई स्वतः वादाला उभी राहू शकते का?

३. दिव्य खरे ठरते हे सगळ्यांना माहीत असेल तर पहिल्याच दिवशी तेल तापवून मोकळे का होत नाहीत? माझी कादंबरी तिसऱ्या प्रकरणात संपते.

धाकट्याच्या हातात सातबारा दिला होता. तो चुकीचा आहे एवढे कळते, त्याऐवजी काय द्यायचे ते सांगा.

मोडीवाचक

सुभेदार काढा. निदान एकट्याने निकाल देणारा तरी काढा. वतनाचा निवाडा त्या काळी एक माणूस देत नाही, जमाव देतो. गावापुरता वाद असला तर गोतसभा, म्हणजे पाटील, त्याचा मदतनीस चौगुला, कुळकर्णी, मिरासदार (वंशपरंपरागत हक्काचे शेतकरी) आणि बलुतेदार. इथे तर पाटीलकीचाच वाद आहे आणि पाटील स्वतः प्रतिवादी, तेव्हा प्रकरण परगण्याच्या मजलशीपुढे जाईल. तिथे काझी, हवालदार, कारकून ही दिवाणाची, म्हणजे सरकारची, माणसे एका बाजूला आणि देशमुख, देशपांडे, शेटे-महाजन, शेजारच्या गावांचे मोकदम दुसऱ्या बाजूला. मोकदम म्हणजे पाटीलच, कागदात तो शब्द येतो.

क्रम असा ठेवा. बाई आधी दाद मागते म्हणून ती अग्रवादी, धाकटा पश्चिमवादी. दोघांकडून प्रथम जामीन घेतात, एक हाजिर राहण्याचा, दुसरा निवाड्याप्रमाणे वागण्याचा. मग दोघे राजीनामा लिहून देतात. इथे बरेच लेखक घसरतात. त्या काळचा राजीनामा म्हणजे काम सोडणे नव्हे, 'गोत सांगेल त्यास मी राजी आहे' ही कबुली. ती आधी लिहून घेतली नाही तर हरलेला दुसऱ्या दिवशी म्हणणार, ही सभाच मला मान्य नव्हती. गावचे गोत भाऊबंदांना मिळालेले आहे असा संशय असला तर वादी 'थळ मागतो', म्हणजे पैठण, कऱ्हाड असे दुसरे ठिकाण मागतो. तुमच्या बाईने हे मागायलाच हवे. अकरा वर्षे ज्या पाटलाचे मीठ खाल्ले त्या गावाची साक्ष तिला परवडणारी नाही.

त्यानंतर दोघांच्या तकरिरी. तकरीर म्हणजे जबानी. तिच्याबरोबर करीना, म्हणजे वतन मूळ कोणाचे, मग कोणाकडे कसे आले, कोण केव्हा मेला, कोण कोणाच्या पोटी झाला, ही सगळी हकीकत. तुमच्या कादंबरीला करीना म्हणजे आयती सोन्याची खाण आहे. एकाच घराण्याचा इतिहास दोन तोंडांनी, दोन वेगळ्या जागी वळणे घेत येतो. मग पुरसीस, म्हणजे खोदून विचारलेले प्रश्न, आणि मग गोही, म्हणजे साक्षी. साक्षीदाराला देवळात नेऊन बेचाळीस पूर्वजांची आण घालत. पूर्वज वर लोंबकळत याच्या तोंडाकडे पाहताहेत, हा खोटे बोलला तर सगळे खाली, अशी कल्पना. फँटसी लिहिणाऱ्याने हे सोडून कसे चालेल? ते बेचाळीस जण खरेच दिसू द्या. एकट्या साक्षीदाराला.

आता कागद. सातबारा ही इंग्रजी अमदानीनंतरची वस्तू. तलाठी, एकर, गुंठाही त्याच खात्यात टाका. धाकट्याकडे असू शकतात ते असे: कुळकर्ण्याच्या दप्तरातला थळझाडा (कोणते थळ कोणाच्या नावे), जुने मिरासपत्र, दिवाणाचे खुर्दखत (हुकूमपत्र), आणि आधीच्या एखाद्या वादाचा महजर. या वादाचा जो निकाल लागेल त्याचाही महजरच होतो. वर तारीख, मग हाजिर मजलशीची नावे, मग दोघांच्या तकरिरी, साक्षी, आणि शेवटी काय ठरले ते. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्या निशाण्या: पाटलाचा नांगर, न्हाव्याचा आरसा, वाण्याचा तराजू, महाराची विळा-दोरी, सैनिकी पेशाच्या माणसाची कट्यार. हे चित्र डोळ्यांपुढे आणा, अर्धे पान अक्षरांचे आणि अर्धे अवजारांचे.

लांब कागद एका तावाचा नसतो. अरुंद बंद एकाखाली एक खळीने चिकटवतात आणि पाठीमागे प्रत्येक जोडावर शिक्का उठवतात, अर्धा वरच्या बंदावर, अर्धा खालच्या. मधला बंद कोणी बदलला तर शिक्क्याचे दोन तुकडे जुळत नाहीत. बनावट कागद पकडायचा प्रसंग हवा असेल तर दिव्यदृष्टी नको, पान उलटून जोड उजेडात धरला की झाले. शाई काजळाची, बोरूने लिहिलेली, वर वाळू टाकून वाळवलेली. जुन्या कागदाच्या घडीतूनही कधी तिचे कण गळतात.

निकाल लागल्यावर हरलेला येजितखत लिहून देतो, 'मी खोटा झालो, पुन्हा वाद सांगणार नाही'. तो दिवाणाला गुन्हेगारी भरतो. जिंकलेलाही फुकट सुटत नाही, तो हरकी किंवा शेरणी देतो. आणि हे सगळे होऊनही वाद संपत नाही. राज्य बदलले, हवालदार बदलला की हरलेल्याचा मुलगा जुनी गोष्ट नव्याने उकरतो. या भागात १६३६ ला निजामशाही बुडून पाचच वर्षे झालेली. जुन्या अमलात हरलेले सगळे नव्या ठाण्याच्या दारात बसलेले असणार.

पोळ्याचा बैल

घरातले मी सांगतो, कारण मसुदा वाचून वाटले की तुम्ही याला जमिनीचा वाद समजता. जमीन त्याचा अर्धाच भाग. उरलेला अर्धा मानाचा, आणि रक्त बहुधा त्यावरून सांडते.

पाटीलकी म्हणजे पोळ्याला वेशीतून पहिला कोणाचा बैल जाणार, होळीत पहिली पोळी कोणाची, दसऱ्याला आपट्याची पूजा कोण करणार, विडा आणि टिळा आधी कोणाला, वाजंत्री कोणाच्या दारी आधी वाजणार. वतन दोघांत वाटले तर कागदात हे एकेक कलम लिहावे लागते. नांगराची निशाणी कोणाची वर, कोणाची खाली, हेही. धाकट्याने अकरा वर्षे पहिला बैल नेला आहे. बाई परत येते ती श्रावणात आणा, म्हणजे पोळा तोंडावर असेल आणि मजलस भरायच्या आधीच गाव दोन तट होऊन वेशीत उभे राहील.

बाई उभी राहू शकते का? राहू शकते. अज्ञान मुलाच्या वतीने विधवा वतन सांभाळते, कागद करते, दत्तक घेते. कागदावर बायकांची निशाणी बांगडी. ती गप्प, डोक्यावर पदर, मागे रडणारी अशी दाखवू नका. मात्र मजलशीत तिच्या बाजूने बोलायला माहेरचा भाऊ किंवा वतनाचा जुना मुतालिक (कारभारी) असणे सोयीचे. आणि इथेच मोठी कोंडी आहे: माहेरचा भाऊ बोलू लागला की सासरचे भाऊबंद म्हणणार, हा परगोत्री आमच्या वतनात शिरतोय.

दुसरी कोंडी पैशाची. जामीन, साक्षीदारांचा खर्च, मजलशीच्या ठिकाणी महिनोन्महिने राहणे, हे सगळे भुकेकंगाल बाईने करायचे कशावर? त्या काळचे उत्तर ठरलेले होते: वाद लढवण्यासाठी निमी पाटीलकी विकायची. विकत घेणारा परका, पैसेवाला. वतन परत मिळाले तरी अर्धे गेलेले असते, आणि आता गावात तीन पाटील. भाऊबंदांची आणि गोताची संमती नसेल तर ती विक्रीही पुढच्या वादाचे बीज.

मुलाचे वय नऊ आणि दुष्काळाला अकरा वर्षे झाली, हे तुम्ही मुद्दाम केले की हिशोबात झाले? कसेही असो, ते तसेच ठेवा. पोर परमुलखात जन्मलेले. सुईण कोण, बारशाला कोण होते, बाप तेव्हा जिवंत होता का, हे विचारणार नाही असा भाऊबंद जन्माला यायचा आहे. दत्तक असला तरी हक्क, घरभाऊ (भाऊ मानून घरात घेतलेला परका) म्हणून घेतला तरी वाटा, पण ते गोताच्या समोर झालेले हवे. वाटेत कोणी कागद करत नाही.

बापाच्या मिळकतीत मुलाला जन्मतःच हक्क, हे मिताक्षरा या धर्मशास्त्रग्रंथाचे तत्त्व इकडे रुजलेले होते. म्हणून भांडण 'बापाने कोणाला दिले' असे नसतेच, 'हा कोणाचा' असे असते. मृत्युपत्राचे दृश्य असेल तर कापून टाका.

शिवेवरचा वड

तिसऱ्या प्रश्नाकडे येतो.

आधी साधे कारण. दिव्य हा शेवटचा उपाय आहे. लेख असेल तर लेख, नसेल तर साक्षी, साक्षी अर्ध्या इकडे अर्ध्या तिकडे झाल्या तर वहिवाट, आणि काहीच धड नसेल तर दिव्य. शास्त्र आणि गोत दोन्ही याच क्रमाने चालतात. वहिवाटीबद्दल याज्ञवल्क्य स्मृतीत सरळ मुदत आहे: मालक पाहत असताना, न बोलता, दुसऱ्याने जमीन वीस वर्षे भोगली तर मालकाचा हक्क जातो. तुमच्या धाकट्याची अकराच झालीत, आणि थोरले पाहत नव्हते, ते गावातच नव्हते. शिवाय मिरासदार परागंदा झाला म्हणून मिरास बुडत नाही. तो आला की त्याची जमीन त्याला, मधल्या काळात कसणाऱ्याला फार तर खर्चाची भरपाई. धाकट्याला हे पक्के ठाऊक असणार. म्हणून तो 'वहिवाट माझी' म्हणणारच नाही. तो म्हणेल, 'ते पोर आमचे नव्हे.' या प्रश्नाला ना लेख आहे ना गावात साक्ष. आता दिव्य आपोआप आले.

रवादिव्याचे दृश्य असे लिहा. आदल्या दिवशी दिव्य करणाऱ्याची नखे काढतात, हात चोळून धुतात, म्हणजे लेप वगैरे काही उरत नाही. तळहातावर आधीचे वण, घट्टे कुठे आहेत ते टिपून ठेवतात. (अग्निदिव्यात तर हाताने भात चुरायला लावून दिसतील त्या खुणा अळत्याने रंगवतात.) मग हातावर कापडी पिशवी, गाठीवर मोहोर, रात्रभर पहारा. सकाळी देवळापुढे भांड्यात तेल-तूप कढत ठेवायचे. कपाळावर भाळपत्र बांधायचे, म्हणजे ज्या गोष्टीची परीक्षा आहे ते वाक्य लिहिलेली चिठ्ठी. तेलात धातूचा रवा टाकायचा, तो हाताने काढून बाहेर ठेवायचा. लगेच पुन्हा पिशवी, पुन्हा मोहोर. तिसऱ्या दिवशी मजलशीसमोर पिशवी सोडतात. फोड नसेल तर 'दिव्यी खरा जाहला', असेल तर 'खोटा जाहला'.

तुमचा सगळा ताण त्या तीन दिवसांत आहे, तेलाच्या मिनिटभरात नाही. माणूस जेवतो कसा, झोपतो कसा, पिशवीच्या आत काय चालले आहे ते त्याला कळत असते पण बोलता येत नाही. मसुद्यात फोड तिथल्या तिथे दिसतो. तीन दिवस पुढे ढकला.

आता जादूचा नियम. माझे मत असे: दिव्य सत्य ओळखत नाही, ते फक्त भाळपत्रावरचे वाक्य तपासते. अक्षरश: तेवढेच. मग वाद तेलाभोवती राहत नाही, वाक्याभोवती येतो. चिठ्ठी लिहिणार कुळकर्णी. मजलशीत महिनाभर घासाघीस होईल ती याच एका ओळीवर, कारण प्रत्येकाला ठाऊक आहे की ओळ ठरली की निकाल ठरला. शिवाय मोडीत विरामचिन्हे नाहीत आणि शब्द एकमेकांना चिकटून जातात. कुळकर्ण्याला दोन अर्थांची ओळ लिहायला यापेक्षा चांगली लिपी मिळायची नाही.

दिव्य बाई करणार की नाही हेही ठरवा. याज्ञवल्क्य बायका, मुले, म्हातारे, आंधळे, पांगळे, आजारी आणि ब्राह्मण यांना आगीत ढकलत नाही, त्यांना 'तुला', म्हणजे तराजूचे दिव्य, सांगतो. तराजूत एकदा तोलायचे, शपथेनंतर पुन्हा तोलायचे. दुसऱ्यांदा हलका भरला तर खरा, जड भरला तर खोटा. मराठी कागदांत मात्र रव्याचेच दिव्य जास्त आढळते. तिने स्वतः केले नाही तर तिच्या वतीने भाऊ हात घालेल. आणि मग विचार करा, जी गोष्ट भावाला माहीतच नाही तिच्यासाठी त्याचा हात भाजेल का? याचे उत्तर पहिल्या प्रकरणाआधी ठरवून ठेवा आणि शेवटपर्यंत बदलू नका. वाचक जादू माफ करतो, सोयीने बदलणारी जादू करत नाही.

एक उणे सांगतो. चुलीत लाकडे कोण सारतो हे लिहायला विसरू नका. तेल किती तापले ते मोजायचे साधन कोणाकडे नाही. खऱ्या जगात लाच तिथे चालायची. तुमच्या जगात दिव्य अचूक असेल तर लाकडे सारणाऱ्याला लाच देणारा मूर्ख ठरतो, आणि ती लाच आपोआप कुळकर्ण्याकडे वळते.

उपरी

एकाच ओळीवर वाद, हे डोक्यात बसले. आभार. दोन बारीक गोष्टी: जमिनीचे माप आणि तारीख कशी लिहू? आणि थोरल्यांच्या थळाच्या बांधावरून एक प्रसंग आहे. धाकट्याने शेजाऱ्याचा बांध सरकवलेला असतो, दगड उपटून. बांधाला निवडुंगाचे कुंपण दाखवले आहे.

मोडीवाचक

माप: पाच हात पाच मुठींची काठी, वीस काठ्या लांब वीस काठ्या रुंद म्हणजे एक बिघा, त्याचे वीस भाग म्हणजे पांड, आणि १२० बिघ्यांचा चावर. ही काठी शिवकाळातली. तुमच्या १६४१ ला काठी गावोगाव वेगळी ठेवलीत तर जास्त खरे वाटेल, आणि काठीच्या लांबीवरून भांडणही लावता येईल. मोजणीपेक्षा थळाचे नाव महत्त्वाचे. थळाला मूळ घराण्याचे नाव असते आणि घराणे नष्ट झाले, दुसरेच कोणी कसू लागले तरी नाव तेच राहते. वारस नसलेली जमीन ती गतकुळी. फँटसीवाल्यांसाठी: थळाला आपले नाव आठवते असे धरा आणि परक्याच्या नांगराला तिथे काय होते ते बघा.

तारीख शुहूर सनात. मृग लागला की नवे साल, म्हणून मृगसाल. मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९ मिळवा, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६०० मिळवा, की इसवी सन येतो. आकडा अरबी शब्दांत, एकं आधी. १६४१ चा पोळा म्हणजे सन १०४२, 'इसन्ने अर्बैन अलफ'. बनावट कागदात हीच चूक पेरा: लिहिणाऱ्याने जानेवारीतल्या तिथीला नव्या मृगाचे साल लावले.

शिवेवरचा वड

बांधावर थोडे भांडतो. दगड उपटून कोणी बांध सरकवत नाही, ते सकाळी सगळ्या गावाला दिसते. बांध कोरतात. दरवर्षी नांगरताना एक तास, म्हणजे नांगराची एक ओळ, आत. दहा-बारा पावसाळ्यांत चांगली रुंद पट्टी गेलेली असते आणि शेजाऱ्याला नेमके कोणत्या वर्षी गेली ते सांगता येत नाही. धाकट्याची अकरा वर्षे इथेही कामी येतात.

म्हणून जुन्या लोकांनी खुणा दुहेरी ठेवल्या. वरच्या खुणा उघड: वड, पिंपळ, वारूळ, ओढा, धोंडा. खालच्या खुणा गुप्त. मनुस्मृतीत त्यांची यादीच आहे: दगड, हाडे, गाईचे केस, कोंडा, राख, खापऱ्या, वाळके शेण, विटा, कोळसा, खडे, वाळू. शिवेखाली हे पुरून ठेवायचे, कारण मातीत लवकर न मुरणारे ते. कोळसा तर शेकडो वर्षे तसाच राहतो. तेव्हा प्रसंग असा करा: बांध खणतात, खाली काहीच नाही. दोन हात पलीकडे खणतात आणि काळी रेघ लागते.

गावशिवेचा वाद असला तर महाराची साक्ष मोठी. शीव त्याला ठाऊक असते आणि महजरावर त्याची निशाणी लागते, गोतात त्याला बसायला जागा मात्र दूर. तीच शीव चालून दाखवायची झाली तर लाल वस्त्र, लाल फुलांची माळ, डोक्यावर मातीचे ढेकूळ. चालणारा खोटे चालला तर ढेकूळ जड होत जाते, असे तुमच्या जगात ठेवता येईल. तुलेशी नाते जुळते, खोटे ते जड.

कुंपणाचे निवडुंग नीट बघा. फड्या निवडुंग अमेरिकेतला, केकताड म्हणजे घायपातही तिकडचाच. शेर किंवा त्रिधारी निवडुंग चालेल. दोर अंबाडीचा. दसऱ्याच्या तोरणात झेंडू नको, तोही अमेरिकेतला, आंब्याचे टाळे आणि धान्याची कणसे पुरे. मिरची, मका, भुईमूग, बटाटा, टोमॅटो, पेरू, पपई १६४१ च्या खेड्यातून वगळलेलेच बरे. तिखटाला मिरे, आंबटाला चिंच, ताटात जोंधळ्याची भाकरी आणि हुलग्याचे माडगे.

शिवेवर शापाचा दगड हवा असेल तर गधेगाळ आहेच. वर चंद्रसूर्य, मध्ये लेख, खाली दान मोडणाऱ्याला गाढवाची शिवी चित्रातच कोरलेली. पण तो शिलाहार-यादवांच्या काळचा. तुमच्या लोकांना तो वाचता येणार नाही, ते त्याला शेंदूर लावून देव म्हणत असतील. त्यांच्या स्वतःच्या कागदातला शाप वेगळा, हिंदू मोडील त्यास गाईची आण, मुसलमान मोडील त्यास सुवराची.

पोळ्याचा बैल

मोडीवाचकांच्या शब्दसंपत्तीला नमस्कार, पण एक धोका सांगतो. तकरीर, पुरसीस, येजितखत ही कागदाची भाषा. चुलीपाशी कोणी 'पश्चिमवादी' म्हणत नाही. बाई म्हणेल, 'भावजी, पहिला बैल माझ्या लेकाचा.' काझीपुढे तेच वाक्य कारकून वेगळ्या भाषेत लिहून घेईल. दोन्ही वाक्ये एकाखाली एक द्या. तिने काय म्हटले आणि कागदावर काय आले यातले अंतर वाचकाला न सांगता दिसेल, आणि वडाने सांगितलेल्या भाळपत्राची तयारीही होईल.

सासरच्या नात्यांत 'भावजी', 'वन्स', 'आत्याबाई', धाकट्याच्या बायकोला 'जाऊबाई'. मसुद्यात ती दिराला नावाने हाक मारते. तिचा संताप दाखवायला मारत असेल तर एकदाच मारू द्या, तेही मजलशीत.

उपरी

गुपित सांगूनच टाकतो, म्हणजे ओळ ठरवता येईल. मूल तिच्या पोटचे नाही. दुष्काळानंतर वाटेवर, मेलेल्या आईच्या कुशीतून तिने उचललेले आहे. नवरा तेव्हा जिवंत होता, त्याने त्याला मांडीवर घेतले आणि आपले नाव दिले. पाहायला कोणी नव्हते.

शिवेवरचा वड

मग दोन ओळी लिहून ठेवा. धाकट्याला हवी ती: 'हा मूल थोरल्याच्या पोटीचा.' बाईला हवी ती: 'हा मूल थोरल्याच्या घरीचा.' पहिलीवर हात भाजतो, दुसरीवर गार राहतो, आणि दोन्ही ओळी मजलशीला सारख्याच वाटतात, कारण मूल तिने कुठून आणले ते तिथे तिच्याशिवाय कोणाला माहीत नाही. 'पोटीचा'वर ती अडून बसली तर का अडली हे लगेच कळेल. म्हणून तिला स्वतःला अडता येत नाही. अडावे लागेल ते कुळकर्ण्याला, आणि तो तिच्या बाजूने का अडेल ते तुम्ही अजून लिहिलेले नाही.